दुसऱ्या घावाबद्दल

मनोहर,

माझी पिवळी ओढणी परवा पोलिसांनी ताब्यात घेतली. त्या दिवशी घरी आल्यावर ती मी बादलीपर्यंत नेली होती, साबणही हातात घेतला होता. मग साबण खाली ठेवला आणि ओढणी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकली. पंधरा दिवसांत खांद्याकडची बाजू वाळून पुठ्ठ्यासारखी झाली. हवालदाराने ती चिमटीत धरून पिशवीत सोडली, पिशवीवर चिठ्ठी डकवली आणि माझी सही घेतली. ही ओढणी घातली की मी लांबून रिक्षासारखी दिसते असं तू म्हणायचास.

पेपरात तुझ्याबद्दल रकानाभर छापून आलं. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, मितभाषी. मनमिळाऊ तर तू कधीच नव्हतास. तुझा जन्म, शिक्षण, हुद्दे, सगळं त्यांनी दिलं आहे. ते त्यांच्याकडेच राहू दे. मला जे बोलायचंय ते पेपरात देण्यासारखं नाही.

तू देवरूखच्या वरच्या अंगाचा, डोंगरातल्या वाडीवरचा. मी जयगडच्या खाडीकाठची, आई डोक्यावर टोपली घेऊन दारोदार मासे विकणारी. रत्नागिरीला कॉलेजात आलो तेव्हा शहरातली मुलं तुझ्या हेलाला हसायची आणि माझ्या हेलालाही. त्या हसण्यामुळेच बहुतेक आपण एका बाकावर आलो. सुट्टीत तू आमच्याकडे यायचास. तुला मासे खायचे असायचे आणि काटे काढता यायचे नाहीत. आई तुझ्या ताटातला बांगडा आपल्या हाताने सोडवून द्यायची. "डोंगरातलं पोर हाय, घशात अडाकलं म्हंजे?" असं म्हणायची आणि तू वीस वर्षांचा बाप्या मुकाट खायचास. ती गेली त्या दिवशी तू वाळूतून अनवाणी आलास आणि आमच्या भावकीतल्या पोरांना बाजूला सारून तिला खांदा दिलास. कोळणीला खांदा दिला म्हणून तुझ्या गावकीत तुला काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते तू मला कधी सांगितलं नाहीस. मला दुसऱ्याकडून कळलं.

मार खाणंही तुला नवीन नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी तुला एका परीक्षा केंद्रावर पाठवलं होतं आणि तू कॉप्या पकडल्या होत्यास. संध्याकाळी एस.टी. स्टँडच्या मागे पाच जणांनी तुला पट्ट्याने फोडून काढलं. कानातून रक्त गळत असताना तू चौकीवर गेलास आणि पाचही नावं दिलीस. त्यातला एक तुझा मावसभाऊ होता. मी तुला म्हटलं, "त्याचं तरी वगळायचंस." तू म्हणालास, "का? त्याचाच पट्टा सगळ्यात जास्त लागला." मी हसले होते. तू हसला नव्हतास.

मग आपण दोघेही विद्यापीठाच्या सड्यावरच्या या केंद्रात आलो. मुख्यालयापासून लांब, कातळावर बांधलेल्या तीन बैठ्या इमारती, हातखंब्याहून येणाऱ्या रस्त्याला. मी सागरी जीवशास्त्र शिकवायला, तू कार्यालयात. तू चढत चढत प्रशासकीय अधिकारी झालास, मी भांडत भांडत कर्मचारी संघटनेची सचिव झाले. लोकांना वाटायचं आपलं पटत नाही. आपलं पटत नव्हतंच. पण दुपारचा डबा आपण एकत्र खायचो आणि तुझ्या डब्यातली कुळथाची पिठी माझी असायची.

यंदा भातकापणीच्या दिवसांत मुख्यालयाचं ते पत्र आलं. दरवर्षी तू त्या आठवड्यात रजा काढून गावी जायचास. यंदा गेला नाहीस, तेव्हाच मला समजायला हवं होतं. पत्रात खर्चकपात होती, विभागांचं एकत्रीकरण होतं, नवा आकृतिबंध होता. सरळ बोलायचं तर माझा विभाग, भूशास्त्र आणि रसायन यांचा मिळून एकच विभाग होणार होता. नमुने गोळा करायची आमची होडी मोडीत जाणार होती, वाचनालय अर्धाच दिवस उघडणार होतं. आणि जी माणसं जास्तीची ठरतील त्यांची यादी केंद्रानेच करून पाठवायची होती. म्हणजे तू.

मी तुझ्या खोलीत आले. दार लावलं.

"नाही म्हणून कळव," मी म्हटलं.

"मग?"

"मग त्यांचं ते करतील. त्यांना करू दे ना त्यांच्या हातांनी. सुरी तू कशाला धरतोस?"

"ते माणसं बघून कापणार नाहीत, शैला. तिथे बसून नकाशा बघून कापतील. अख्खं केंद्र जाईल."

"आणि तू माणसं बघून कापणार?"

"हो."

इतक्या शांतपणे तू 'हो' म्हणालास की तुझ्या टेबलावरचा पेनस्टँड उचलून भिंतीवर मारावासा वाटला मला. तो मारला नाही. दार मात्र असं आपटलं की बाहेर बसलेला शिपाई उठून उभा राहिला.

आठ दिवसांनी यादी फुटली. अकरा नावं होती आणि शेवटचं दत्तारामचं. दत्ताराम आमच्याच वाडीतला, मीच त्याला इथे आणलेला. अठरा वर्षं रोजंदारीवर. आमची होडी वल्हवायचा, जाळं टाकायचा, प्रयोगशाळेत मासे ओळखायचा. माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांना मासा कसा धरायचा हे त्याने शिकवलं. कधी कुणावर हात उगारलेला माणूस नाही. त्याच्या नावापुढे तू लिहिलं होतंस, 'होडी निर्लेखित होत असल्याने आवश्यकता नाही.'

मी पुन्हा तुझ्याकडे आले. कागद तुझ्यासमोर टाकला. "त्याची बायको सुगंधा तुला माहीत आहे. तिची पोरं तुला माहीत आहेत. गणपतीत तू त्यांच्याकडे जेवलायस."

"माहीत आहे. म्हणून तर ते नाव लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला."

"वेळ लागला म्हणजे तो कमी बुडणार आहे का?"

त्यानंतर आपण बोललो नाही. डबे वेगळे झाले. तीस वर्षांत आपण शंभरदा भांडलो असू, पण डबे कधी वेगळे झाले नव्हते.

सोमवारी पोर्चच्या पायऱ्यांवर सभा झाली. माझा आवाज तुला माहीत आहे, तो धक्क्यावरच्या लिलावात तयार झालेला आहे. मला माईक लागत नाही. कपात, पुनर्रचना, सगळं बोलून झालं. लोक ऐकत होते, पण पेटत नव्हते, आणि मला ते पेटायला हवे होते. मग मी म्हणाले, "उद्या यादी जायची आहे. ती जायच्या आधी त्या माणसाला खुर्चीसकट बाहेर ओढा! याच पायरीवर आपटा! पोटावर पाय पडतो तेव्हा काय होतं ते त्यालाही कळू दे!"

'त्या माणसाला' म्हणाले मी. तुझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर जीभ अडली असती.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मला बरं वाटलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर सगळ्यांना मी सांगत राहिले की ते भाषणाच्या ओघात गेलं. ओघात नव्हतं गेलं. मी ते वाक्य शोधून काढलं होतं आणि ते लागलं म्हणून मी खूश झाले होते. दत्ताराम पहिल्या रांगेत होता. तो टाळ्या वाजवत नव्हता. माझ्याकडे टक लावून बघत होता.

मंगळवारी अकरा वाजता आम्ही आत आलो. दहा जणांनी जायचं ठरलं होतं, घुसले चाळीस. दाराची कडी निखळली. तू उठून उभा राहिलास. कुणीतरी तुझ्या टेबलावरची काच मूठ मारून तडकवली आणि त्याचाच हात कापला, म्हणजे खोलीतलं पहिलं रक्त आमच्यातल्याच एकाचं होतं. ते बघून लोक जास्त चवताळले. कपाटातल्या फायली खाली आल्या. कुणी तुझी कॉलर धरली, कुणी सोडवली, पुन्हा कुणी धरली. शर्टाची दोन बटणं तुटून काचेवर पडली. मी टेबलाच्या या बाजूला, तुझ्यापासून दीड हातावर. मी टेबलावर दोन्ही पंजे आपटत होते आणि तुझ्या तोंडावर ओरडत होते. माझी थुंकी तुझ्या चष्म्यावर उडाली. तू चष्मा पुसला नाहीस.

तू म्हणालास, "शैला, एक मिनिट. माझं एवढं एक..."

मी तुझ्याकडे पाठ केली आणि घोषणा दिली.

त्या घोषणेला चाळीस तोंडांनी साथ दिली आणि मी परत वळले तेव्हा दत्तारामच्या हातात ते पंचिंग मशीन होतं. कार्यालयातलं जुनं, लोखंडी, दोन किलोचं, फायलींना भोकं पाडायचं. त्याने ते तुझ्या डाव्या कानाच्या वर मारलं. आवाज फार मोठा नव्हता. नारळ फोडताना पहिल्या फटक्याला तो फुटत नाही, नुसता ठक्क होतो, तसा.

सगळे थबकले. तू टेबलाला धरून उभाच होतास. रक्त आधी आलं नाही, मग एकदम आलं. दत्तारामने हात पुन्हा मागे नेला. त्याचं कोपर माझ्या छातीपाशी आलं. इतकं जवळ, की मला नुसती मूठ वळायची होती.

मनोहर, पहिला घाव मला कळायच्या आत बसला होता. दुसरा येताना दिसला. त्याचा हात मागे गेला, थांबला, त्याने मशीन नीट धरलं. तेवढ्यात माझा श्वास एकदा आत आला आणि बाहेर गेला. मी घाबरून गोठले होते असं मी स्वतःला किती रात्री सांगून पाहिलं. गोठले नव्हते. मी तुझ्याकडे बघत होते आणि माझ्या मनात होतं, भोग. एवढा एकच शब्द. तो शब्द मनात असताना दत्तारामचा हात माझ्या समोरून पुढे गेला.

दुसऱ्या घावाला तू पडलास, टेबलावरून पुढे, माझ्या अंगावर, आणि मी तुला धरलं. ओढणी तेव्हा भरली.

नंतर सगळे पळाले. त्याच लोकांनी दार आणखी मोडलं, बाहेर जाण्यासाठी. दत्ताराम पळाला नाही. खाली बसला, तुझ्या फायलींवर. "काय जालां ओ मॅडम? मी काय केलां?" असं मलाच विचारत राहिला. पोलीस आले. एकाने त्याला केसांना धरून उठवलं आणि खोलीतून पोर्चपर्यंत लाथा घालत नेलं. त्या पायऱ्यांवरच त्याचा जबडा फुटला. माझ्या भाषणातल्या पायऱ्यांवर.

सिव्हिलमध्ये तू शुद्धीवर होतास. टाके घातले, डोकं बांधलं. डॉक्टर म्हणाले, आत रक्त साकळलंय का ते चोवीस तास बघावं लागेल. पोलिसांनी माझा जबाब घेतला. मी सांगितलं, गर्दी होती, मला काही दिसलं नाही. संघटनेच्या वकिलाने तसंच सांगायला सांगितलं होतं. मग पोलीस तुझ्या खोलीत गेले. ते बाहेर आल्यावर मला तुझ्याकडे सोडलं.

"नाव दिलंय मी," तू म्हणालास. ओठ सुजले होते.

"दत्तारामचं?"

"त्याचं. दोनदा मारलं, ते. आणि आदल्या दिवशी तू काय बोललीस, ते."

मला धक्का बसला असं म्हटलं तर खोटं होईल, मला राग आला. तीस वर्षांची मैत्री, आणि तुला त्या पायरीवरचं माझं बोलणं दिसतं! तू मला वगळशील असं मी धरूनच चालले होते. मावसभावाला न वगळणारा माणूस मला वगळणार होता तो का?

मग तू विचारलंस, "त्याचा हात का नाही धरलास?"

मी म्हटलं, "कळलंच नाही रे."

तू माझ्याकडे बघत राहिलास. एक डोळा जवळजवळ बंद झाला होता. मी विषय बदलला. "खोलीत मला थांबवून काय सांगणार होतास?" तू आठवून पाहिलंस. "नाही आठवत," म्हणालास. आणि कूस बदललीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी जीभ जड झाली. स्कॅन केला तर आत रक्त पसरत होतं. कोल्हापूरला न्यायचं ठरलं. तुझी बायको एकटी होती. तुझा भाऊ मुंबईहून निघाला होता, पण पोचायचा होता. वृषाली माझ्याकडे वळून म्हणाली, "शैलाताई, तुम्ही चला." तिला तेव्हा सगळं माहीत नव्हतं. मी तिला सांगितलं नाही आणि ॲम्ब्युलन्समध्ये चढले.

हातखंब्याला रस्ता उखडलेला, गाडी आदळत होती. तुझं डोकं मी दोन्ही हातांनी धरलं होतं. साखरप्याला देवरूखचा फाटा आला, तिथे तू डोळे उघडलेस आणि मला शिव्या द्यायला लागलास.

आयुष्यात तुझ्या तोंडून मी साधं 'मूर्ख'सुद्धा ऐकलं नव्हतं. आंबा घाट चढेपर्यंत तू ज्या शिव्या दिल्यास त्या धक्क्यावर दारू प्यायलेला खलाशी देणार नाही. मला दिल्यास, माझ्या जातीला दिल्यास. माझ्या आईला दिल्यास, तिच्या टोपलीला, तिच्या हाताच्या वासाला. तू हात सोडवून घेतलास आणि माझ्या तोंडावर मारलंस. ओठ फुटला. मी तुझं डोकं सोडलं नाही. ड्रायव्हर आरशातून बघत होता. वृषाली रडत म्हणत होती, "ते शुद्धीत नाहीत हो, ताई. ते त्यांचं बोलणं नाहीये."

कुणाचं होतं मग? आईने तुला काटे काढून दिले. तू तिला खांदा दिलास. हे तुझ्या पोटात तेव्हापासून होतं, की रक्त चढलं म्हणून कुठल्या तरी गावकीच्या पारावर कधीकाळी ऐकलेलं वर आलं? मला ते कधीच कळणार नाही. मी त्या शिव्यांचा राग धरायचा प्रयत्न केला. आईसाठी तरी धरायला हवा होता. पण खरं सांगते, त्या घाटात मला पहिल्यांदा जरा हलकं वाटलं. कुणीतरी मला मारत होतं. योग्य माणूस मारत होता.

घाटमाथ्यावर तू गप्प झालास. कोल्हापूरला ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास. वृषालीला आत बोलावलं, मला नाही. बाहेरच्या बाकावर बसून मी काचेतून तिची पाठ बघत होते. पाठ वाकली, तेव्हा कळलं.

बाराव्याला मी तुझ्या गावी आले. येऊ नको असं सगळ्यांनी सांगितलं होतं. तोवर तुझा जबाब सगळ्यांना ठाऊक झाला होता. यंदाचं भात शेजाऱ्यांनी कापून तुमच्या खळ्यात रचून ठेवलं होतं, झोडायचं राहिलं होतं. माणसं पंक्तीला बसत होती. मी अंगणात पाऊल टाकलं आणि तुझा भाऊ संतोष उठला. खाली बसलेल्यांच्या अंगावरून उडी टाकून तो आला आणि त्याने माझा गळा धरला.

"हिनंच मारला माझ्या भावाला! हिनंच!"

मी मागे पेंढ्यांवर पडले. तो माझ्या छातीवर गुडघा देऊन बसला. तुझी माणसं बघत होती. कुणी हललं नाही. मी हात उचलला नाही. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. तेवढ्यात वृषाली धावत आली, माजघरातून, पदर सुटलेला. तिने दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं आणि ती त्याला चावली. तो ओरडून बाजूला झाला.

"सोड म्हटलं ना! आणखी एक मढं नकोय मला दारात!"

तिने मला पाणी दिलं नाही. ओट्यावर बसवलं आणि समोर उभी राहिली. म्हणाली, "जायच्या आदल्या रात्री हे जरा शुद्धीवर आले, तेव्हा मला सांगत होते, शैलाने हात धरला असता तर दुसरा बसला नसता. खरं आहे?"

"खरं आहे."

"दिसत होतं तुम्हाला?"

"दिसत होतं."

"मग पोलिसांना काही दिसलं नाही म्हणून का सांगितलंत?"

मी ओट्यावरून उठले.

"जा आता," ती म्हणाली. "आणि जे झालं ते सांगा. मला तुमची माफी नको. ती घेऊन मी काय करू?"

तिथून मी घरी गेले नाही. एस.टी.ने देवरूखला उतरले, तिथून रत्नागिरी, आणि सरळ पोलीस ठाण्यात. माझ्या गळ्यावर संतोषची बोटं उमटलेली होती. इन्स्पेक्टरने आधी त्याबद्दलच विचारलं. म्हटलं, ते राहू द्या. मला जबाब बदलायचाय.

मी सगळं सांगितलं. सोमवारचं वाक्य, मंगळवारचा पहिला घाव, दुसरा घाव, माझ्यापुढून गेलेलं कोपर. लिहिणाऱ्या हवालदाराने लिहिलं, 'सभेत तीव्र शब्दांत निषेध केला.' मी म्हटलं, "असं नाही. मी बोलले ते शब्द लिहा." तो साहेबांकडे बघायला लागला.

"मॅडम," साहेब म्हणाले, "हे तुम्ही स्वतःच्या गळ्यात बांधून घेताय. चिथावणी होते ही. तुमच्या वकिलाला विचारलंत का?"

"नाही."

"आणि हात धरला नाही, हा काही गुन्हा नाही. ते कशाला लिहायचं?"

"लिहा."

त्यांनी लिहिलं. खुर्ची, पायरी, पोटावर पाय, सगळं. मी ते मोठ्याने वाचलं आणि सही केली. मग घरून ओढणी आणून दिली.

दाराबाहेर सुगंधा उभी होती. दत्तारामला कोर्टात नेणार होते म्हणून आलेली. तिने मला बघितलं. वाटलं, ही आता अंगावर येईल. ती आली नाही. लांबूनच म्हणाली, "बाय, तुमी बोललाव म्हणून त्यांनी केलां. आता तुमी सुटनार नि ते आत सडनार, व्हय ना?"

"नाही. मी पण सांगितलंय, मी बोलले म्हणून."

"मंग ते सुटतील?"

"नाही, सुगंधा."

ती माझ्या पायाशी थुंकली आणि आत गेली. तिच्या जागी मी असते तर मी तोंडावर थुंकले असते.

संघटनेने मला काढलं. केंद्राने निलंबनाचं पत्र दिलं, तुझ्या जागी मुख्यालयातून आलेल्या अधिकाऱ्याच्या सहीचं. चाळीस जणांपैकी आता एकालाही काही आठवत नाही. आणि यादी गेली. तुझ्या अकरांवर त्या माणसाने आणखी नऊ नावं चढवली, दोन दिवसांत, कुणालाही न भेटता. वाचनालय पूर्ण बंद झालं. काल मी माझी पुस्तकं न्यायला गेले तर प्रयोगशाळेतल्या बरण्या व्हरांड्यात मांडून ठेवल्या होत्या. दत्तारामने ज्या माशांना चिठ्ठ्या लावल्या होत्या ते मासे उन्हात पडले होते.

म्हणजे तू म्हणत होतास तसंच झालं. नकाशा बघून कापलं. हे मी मान्य करते.

पण म्हणून यादी तू करायला हवी होतीस, हे मला अजून पटलेलं नाही. आपल्या माणसाने आपल्या हाताने आपल्या माणसांची नावं लिहिली, म्हणून तर चाळीस जण तुझ्यावर चालून आले. मुख्यालयावर कुणी गेलं नाही. तू मध्ये उभा राहिलास आणि त्यांना आयतं अंग दिलंस. याचा मला तुझ्यावर अजून राग आहे. तुला मारलं त्याचा माझ्यावर जेवढा आहे, जवळजवळ तेवढाच.

यावर तू काय म्हणाला असतास, ते मला सांगता येईल. तीस वर्षं ऐकलंय तुला, तुझ्या आवाजात, तुझ्या हेलात दोन-चार वाक्यं मी सहज लिहीन आणि लोकांना ती खरी वाटतील. लिहिणार नाही. तू बोलत होतास तेव्हा मी तुझ्याकडे पाठ केली होती. आता तुझ्या वतीने मी बोलू नये.